‘वुई सी यू’ मागणीपत्र: मिळतं फुकट, राबवायला गल्ला लागतो

‘वुई सी यू, व्हाइट अमेरिकन थिएटर’ या गटाचं मागणीपत्र जुलै २०२० मध्ये निघालं. साधारण तीस पानं, इंटरनेटवर मोफत. अमेरिकेतल्या गोऱ्या वर्चस्वाच्या नाट्यसंस्थांनी काय काय बदलावं याची इतकी तपशीलवार यादी क्वचितच कुणी केली असेल. आधी ८ जूनला याच गटाचं एक खुलं पत्र आलं होतं, तीनशेहून जास्त कृष्णवर्णीय, मूलनिवासी, आशियाई आणि लॅटिनो रंगकर्मींच्या सह्यांचं. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्याला तेव्हा दोन आठवडे झाले होते, आणि कोविडमुळे ब्रॉडवे १२ मार्चपासून बंद होता.

ही बंदची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रयोगच नसताना कुठलंही आश्वासन स्वस्त पडतं. तालमीची खोली रिकामी, तिकीटखिडकी बंद, अंदाजपत्रक कोरं. त्या दिवसांत पाठिंब्याची निवेदनं भराभर निघाली. तिसरी घंटा पुन्हा वाजायला लागली तेव्हा यातलं किती उरलं, त्यावरून मागणीपत्राची पारख करायला हवी. हातात घेऊन राबवायचं साधन म्हणून ते कसं आहे, एवढंच इथे पाहिलं आहे. पगारी माणसं असलेल्या मध्यम आकाराच्या नाट्यगृहासाठी ते कामाचं आहे. शनिवार-रविवारी तालमी करणाऱ्या हौशी संस्थेला त्यातलं फार थोडं लागू पडेल.

सगळ्यांत भक्कम कलम कामाच्या तासांचं आहे, आणि वाचणारे नेमकं तेच ओलांडून पुढे जातात, कारण त्यात ‘वंश’ हा शब्द ठळकपणे दिसत नाही. तांत्रिक तालमींच्या, म्हणजे मंचावर प्रकाश आणि ध्वनी बसवायच्या, दिवसांत तिकडे ‘टेन आउट ऑफ ट्वेल्व्ह’ चालतं: बारा तासांच्या पट्ट्यात नटांकडून दहा तास काम. हे झाले नटांचे तास. प्रकाश, ध्वनी आणि वेशभूषेची माणसं, स्टेज मॅनेजर हे नटांच्या आधी येतात आणि नंतर नोट्सच्या बैठकीला थांबतात. त्यांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर जातो. मागणीपत्र म्हणतं हे बंद करा, आणि तालमीचा आठवडा सहाऐवजी पाच दिवसांचा करा. याचा वंशभेदाशी संबंध असा: असं वेळापत्रक कोणाला झेपतं? ज्याला दुसरी नोकरी करावी लागत नाही, ज्याचं घर नाट्यगृहाजवळ आहे, ज्याच्या घरी मुलं सांभाळायला पगारी माणूस आहे त्याला. अमेरिकेत वाडवडिलांकडून आलेला पैसा कोणाकडे जास्त आणि कोणाकडे कमी, हे वंशावर मोठ्या प्रमाणात ठरत आलं आहे. त्यामुळे कोणालाही ‘येऊ नको’ न म्हणता गाळणी आपोआप लागते.

आता हिशेब, जो मागणीपत्रात नाही. रोज सात तास धरले तर सहा दिवसांचे ४२ तास होतात, पाच दिवसांचे ३५. चार आठवड्यांच्या तालमीत २८ तास कमी पडले, म्हणजे नव्या आठवड्यातले चार पूर्ण दिवस. ते भरून काढायचे तर पाचवा आठवडा घ्यावा लागतो: दहा नट आणि दोन स्टेज मॅनेजर असतील तर बारा जणांचा आठवड्याचा पगार, खोलीचं भाडं, बाहेरगावच्या नटांच्या राहण्याचा खर्च. ही रक्कम आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरली नाही तर पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. दिग्दर्शक ४२ तासांचं काम ३५ तासांत कोंबतो, कपड्यांची मापं जेवणाच्या सुट्टीत घेतली जातात, आणि सुट्टीच्या दोन दिवसांत स्टेज मॅनेजर घरी बसून वेळापत्रकं दुरुस्त करतो. कागदावर पाच दिवसांचा आठवडा, अंगावर सहा दिवसांचा.

तांत्रिक तालमीचंही असंच. दहा तासांचे तीन दिवस काढून आठ तासांचे तीन केले की सहा तास उडतात. चौथा दिवस घेतला तर नाट्यगृह एक दिवस जास्त अंधारात राहतं, म्हणजे एका प्रयोगाची तिकिटं गेली. यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे. दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार, ध्वनिसंयोजक आणि स्टेज मॅनेजर यांनी टेबलाशी बसून सगळे क्यू, म्हणजे कुठला प्रकाश-ध्वनी कधी बदलायचा याच्या खुणा, आधी कागदावर लिहून काढायचे. मग नटांशिवाय एक कोरी तालीम घेऊन ते प्रकाश-ध्वनीच्या नियंत्रक बोर्डात भरायचे. नट मंचावर उभे असताना प्रकाश ‘शोधत’ बसणं ही चैन आहे, आणि ‘टेन आउट ऑफ ट्वेल्व्ह’चे बरेच तास तीच खाते. तास कमी करून हे केलं नाही तर पहिल्या प्रयोगाला तयारी अपुरी पडते आणि दोष नव्या धोरणाच्या माथी जातो.

केस आणि रंगभूषा. वेगवेगळ्या पोताच्या केसांची आणि त्वचेच्या रंगांची जाण असलेली माणसं कामावर घ्या, हे मागणीपत्राचं म्हणणं बरोबर आहे, पण एवढ्यावर कुठल्याही प्रॉडक्शन मॅनेजरला काम करता येणार नाही. विगचंच घ्या. सरळ केस पिनांनी चपटे बसवून वर जाळी चढवणं हे काही मिनिटांचं काम. घट्ट कुरळ्या केसांना आधी डोक्यालगत बारीक वेण्या घालाव्या लागतात, तेव्हाच वर विग सपाट बसतो. त्याला वेळ लागतो आणि तो हात सगळ्यांकडे नसतो. विगच्या कपाळपट्टीची लेस फिकट रंगाची आली तर गडद कपाळावर दिव्याखाली करडी रेघ दिसते. लेस आधी रंगवून घ्यायला हवी, आणि त्यासाठी नटाचा रंग प्रत्यक्ष पाहावा लागतो. फोटोवरून जमत नाही. माइकचंही तसंच. संगीतिकेत माइकचा बारीक मणी बहुतेक वेळा कपाळावर केसांच्या रेषेत बसवतात आणि तार केसांतून मागे नेतात. वेण्या किंवा जटा असतील तर ती वाट बदलते, क्लिपा वेगळ्या लागतात, आणि हे ध्वनीच्या माणसाला पहिल्या साउंड चेकच्या दिवशी कळलं तर उशीर झालेला असतो. चिकटपट्टी ‘त्वचेच्या रंगाची’ म्हणून मागवलेली असते. कुणाच्या त्वचेच्या, हे पाकीट उघडल्यावर कळतं.

ही तयारी नसते तेव्हा कृष्णवर्णीय नट स्वतःचे केस घरून करून येतो, स्वतःचं फाउंडेशन पिशवीतून काढतो, आणि त्या तासाचे पैसे त्याला मिळत नाहीत. शेजारच्या गोऱ्या नटाचे केस संस्था करून देते. ही तफावत पगारपत्रकात दिसत नाही, म्हणून कुठल्याही सर्वेक्षणात सापडत नाही.

नृत्यात हा प्रश्न जास्त उघडा पडला. बॅलेचे पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर नाचायचे) गुलाबी, कारण ते गोऱ्या पायाचा रंग पुढे न्यायचे. सावळ्या नर्तकी ते फाउंडेशनने रंगवायच्या. तिकडे त्याला ‘पॅनकेकिंग’ म्हणतात. लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या संस्थेबरोबर तपकिरी आणि कांस्य छटांचे शूज काढले ते नोव्हेंबर २०१८ मध्ये. कृष्णवर्णीय नर्तकांचं हार्लेमचं बॅले मंडळ (डान्स थिएटर ऑफ हार्लेम) १९६९ पासून उभं होतं. वस्तू बनवणं अवघड कधीच नव्हतं. मागवणारं गिऱ्हाईक मोजलं जात नव्हतं.

प्रकाशयोजनेकडे सहसा कोणी या विषयाचा भाग म्हणून बघत नाही, पण प्रेक्षकाला भेदभाव प्रत्यक्ष दिसतो तो इथेच. एकाच दृश्यात गोरा नट आणि गडद वर्णाचा नट शेजारी उभे असतील आणि प्रकाश गोऱ्या चेहऱ्यावर बेतला असेल, तर दुसऱ्याचे डोळे आणि ओठांच्या हालचाली मागच्या रांगेला दिसत नाहीत. समोरचा प्रकाश नुसता वाढवला तर गोरा चेहरा भाजल्यासारखा पांढरा पडतो. इलाज बाजूंनी आणि मागून आहे: विंगेतून येणारा आडवा प्रकाश गालाची, जबड्याची कड उजळतो आणि पाठीमागून पडलेला प्रकाश माणसाला काळ्या पडद्यापासून सुटा करतो. रंगांत फिकट लव्हेंडर आणि अंबर साथ देतात. हिरवट छटा गडद त्वचेला मातकट, आजारी करते. स्वस्त एलईडी दिव्यांत लाल, हिरवा, निळा एवढेच तीन रंग मिसळलेले असतात आणि तपकिरी त्वचा त्यांच्याखाली राखेसारखी दिसते. अंबर किंवा लाइमचा वेगळा घटक असलेले दिवे महाग पडतात, पण फरक पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो. आणि दिवे लावताना नटांच्या जागी उभी राहणारी माणसं त्याच वर्णाची हवीत. याला एक पैसाही जास्त लागत नाही, तरी सगळ्यांत जास्त विसरलं जातं ते हेच.

नटनिवडीच्या बाबतीत मागणीपत्र जुन्याच वादात उतरतं. १९९० मध्ये ‘मिस सायगॉन’ लंडनहून न्यूयॉर्कला यायचं होतं. त्यात युरेशियन पात्र जोनाथन प्राइस या गोऱ्या नटाने करायला अॅक्टर्स इक्विटी या नट आणि स्टेज मॅनेजरांच्या युनियनने आधी नकार दिला, आणि निर्मात्याने नाटकच रद्द करतो म्हटल्यावर काही दिवसांतच माघार घेतली. १९९६ मध्ये नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी प्रिन्स्टनच्या भाषणात उलट्या बाजूचा मुद्दा मांडला: वर्ण न पाहता भूमिका वाटणं हा कृष्णवर्णीय रंगभूमीचा सन्मान नव्हे, आमच्या नाटकांना पैसा आणि नाट्यगृहं द्या. आजच्या जाहिरातीत ‘सर्व वंशांचे नट चालतील’ असं लिहिणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी वाचाव्यात. हे वाक्य बहुतेक जाहिरातींत तळाला चिकटवलेलं असतं, आणि वर पात्राचं वर्णन असं असतं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर गोरा माणूसच येतो. पात्राचा वंश कथेत महत्त्वाचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. नसेल तर त्याच्या आई-बापाची भूमिका कोण करणार, त्याचं आडनाव काय राहणार, हे ऑडिशनच्या आधी ठरवा. नाहीतर तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात नटालाच ते प्रश्न उभे करावे लागतात, आणि मग तो ‘अवघड माणूस’ ठरतो.

मंचामागची स्थिती मंचापेक्षा वाईट आहे. इक्विटीनेच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०१६ ते २०१९ या काळात काम मिळालेल्या स्टेज मॅनेजरांपैकी ७६ टक्के गोरे होते. कृष्णवर्णीय ३ टक्क्यांहूनही कमी. कारण शिडीच्या पहिल्या पायरीत आहे. सुरुवात प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून होते. ते काम जाहिरातीने मिळत नाही, ‘आपल्या माहितीतल्या’ पोराला फोन जातो, आणि पगार इतका थोडा की घरून मदत असल्याशिवाय मोठ्या शहरात राहता येत नाही. आपल्याकडे ‘घरात नाटकाचं वातावरण आहे’ असं म्हणत एखाद्याला आत घेतात, तसाच हा फोन; फक्त आडनावं वेगळी. युनियनचंही कुलूप होतं: सदस्य व्हायला युनियनचं काम हवं, काम मिळायला सदस्यत्व. इक्विटीने जुलै २०२१ मध्ये ते बरंच सैल केलं. नाट्यगृहाने आपल्या बाजूने एवढंच करावं: दर नाटकाला एक असिस्टंटची जागा उघड जाहिरातीने भरावी, पगाराचा आकडा जाहिरातीत छापावा, पदवीची अट काढावी. न्यूयॉर्क शहरात पगाराची कमाल-किमान मर्यादा जाहिरातीत देणं १ नोव्हेंबर २०२२ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. बाकी ठिकाणी कोणी अडवलेलं नाही.

प्रशिक्षणाचं कलम वाचताना थोडं सावध राहा. वंशभेदविरोधी प्रशिक्षण सगळ्यांना द्या, ही मागणी आहे, आणि संस्थांनी सगळ्यांत उत्साहाने पाळली तीच. एक दिवस सल्लागार बोलवायचा, स्लाइड दाखवायच्या, हजेरी घ्यायची, निधी देणाऱ्यांना फोटो पाठवायचा. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून जास्त अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची आकडेवारी तपासून २०१६ मध्ये लिहिलं की मॅनेजरांवर सक्तीचं प्रशिक्षण लादल्यावर पाच वर्षांनीही सुधारणा दिसली नाही, उलट कृष्णवर्णीय महिला मॅनेजरांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलं. ऐच्छिक प्रशिक्षण, मार्गदर्शक नेमणं आणि ‘हे काम कोणाचं’ हे नाव लिहून ठरवणं, यांचा उपयोग झाला. नाट्यगृहात सक्तीच्या वर्गाचा आणखी एक तोटा: बाहेरगावचे नट आणि ठेक्यावरची माणसं तेव्हा आलेलीच नसतात. वर्गात बसतात ते कचेरीतले लोक. अपमान होतो तो तालमीच्या खोलीत.

ही सेवा विकत घ्यायचीच असेल तर सल्लागाराला आधी तीन कागद द्या: गेल्या दोन हंगामांचं वेळापत्रक, केशभूषा-रंगभूषेचं अंदाजपत्रक आणि नोकरीच्या जाहिराती. ते न मागता थेट ‘कार्यशाळेची तारीख’ विचारणारा असेल तर पुढचा बघा. दुसरं म्हणजे तक्रार. तालमीत काही घडलं तर नटाने कोणाला सांगायचं? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, स्टेज मॅनेजरला. पण त्याची पुढची नेमणूक दिग्दर्शकाच्या शब्दावर असते, तो काय करणार? त्या नाटकाशी संबंध नसलेल्या एका माणसाचं नाव आणि फोन पहिल्या दिवशीच्या कागदांत असायला हवा. कार्यशाळेच्या खर्चाच्या मानाने ही तजवीज जवळजवळ फुकट होते.

विश्वस्त मंडळाबद्दलच्या मागण्या धाडसी आहेत. वरिष्ठांच्या पदाला मुदत घाला हीसुद्धा त्यात आहे. पण पळवाट मोठी राहिली. अमेरिकेतल्या बऱ्याच नाट्यगृहांत विश्वस्ताने दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची किंवा उभी करायची असते. ही अट तशीच ठेवून ‘विविधता’ आणायची म्हटली की खुर्ची एखाद्या श्रीमंत भारतीय डॉक्टरला किंवा सॉफ्टवेअरवाल्याला मिळते. ‘बायपॉक’ (कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि इतर बिगरगोऱ्यांसाठीचं इंग्रजी लघुरूप) या एकाच डब्यात सगळे बिगरगोरे घातल्यावर तक्त्यात आकडा वाढतो, आणि ज्या वस्तीतून नाट्यगृहाकडे कोणी फिरकत नाही ती वस्ती तिथेच राहते. तिकडच्या मराठी वाचकांपैकी कोणाला असं निमंत्रण आलं तर नुसतं आनंदाने स्वीकारण्याआधी ही अट किती जागांसाठी सैल केली आहे ते विचारावं.

तुलनेसाठी दुसरा कागद घ्या: ब्लॅक थिएटर युनायटेड या संस्थेने ब्रॉडवेच्या मालकांशी २०२१ मध्ये केलेला ‘न्यू डील फॉर ब्रॉडवे’. मागणीपत्राने ब्रॉडवेची निम्मी नाट्यगृहं बिगरगोऱ्या कलावंतांच्या नावाने करा म्हटलं होतं; इथे ठरलं, तीन मोठ्या मालकांकडे प्रत्येकी निदान एक, कृष्णवर्णीय कलावंताच्या नावाचं. २०२२ मध्ये शुबर्टचं कॉर्ट नाट्यगृह जेम्स अर्ल जोन्स झालं, नेडरलँडरचं ब्रूक्स अॅटकिन्सन लीना हॉर्न झालं; जुजॅमसिनकडे ऑगस्ट विल्सन २००५ पासून होतंच. हे मनापासून चांगलं झालं. पण तासांच्या मागणीपेक्षा पाट्या आधी का बदलल्या, हे सांगायला नाटकातलं काही कळावं लागत नाही. न्यू डीलचा मोठा गुण असा की खाली सह्या आहेत, म्हणून जाब विचारता येतो. मागणीपत्र चालवणारा गट निनावी राहिला. नोकरी जाईल या भीतीने ते समजण्यासारखं आहे. पण नाट्यगृहाने ‘हे कलम आम्हाला जमत नाही, काय करू?’ असं विचारायचं कोणाला?

प्रेक्षागृहाकडे मागणीपत्राचं लक्ष कमी पडलं. नवे प्रेक्षक येतात, मोकळेपणाने हसतात, नटाला बसल्या जागेवरून उत्तर देतात, आणि शेजारचा जुना वर्गणीदार ‘शूऽऽ’ करतो. ते प्रेक्षक पुन्हा येत नाहीत. नाटककार डॉमिनिक मॉरिसो यांनी यासाठी प्रयोगाच्या पुस्तिकेत एक पानच घालायला सुरुवात केली: हसा, हुंकार द्या, फक्त नाटक मोडू नका. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. पदाला ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या रंगभूमीला चिडीचूप प्रेक्षागृह ही उसनी शिस्त आहे. पान छापलं तरी डोअरकीपरना सांगावं लागतं की वर्गणीदाराने तक्रार केली तर हसणाऱ्याला बाहेर बोलवायचं नाही. तिथे चुकलं की पान फुकट.

सध्या अडचण वेगळीच आहे. जानेवारी २०२५ मधल्या ट्रम्प यांच्या आदेशांनंतर सरकारी पैशाच्या आसपास ‘विविधता’ हा शब्दच जोखमीचा झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय कला निधीने अनेक संस्थांची मंजूर अनुदानं रद्द केली. शब्दांवर उभी असलेली कलमं यात आधी गळतात. पाच दिवसांचा आठवडा, पगाराचा आकडा असलेली जाहिरात, लेस रंगवायचा खर्च यांच्यावर मात्र वंशाचा शिक्का नाही. ती रक्कम अंदाजपत्रकात गेली की पुसायला कोणी येत नाही. म्हणून मागणीपत्र वापरायचं तर मधून वाचायला घ्या, तास आणि मोबदल्याच्या पानांपासून, आणि हंगामाचं अंदाजपत्रक मंजूर होण्याच्या आधी.

नट किंवा तंत्रज्ञ म्हणून तिकडच्या संस्थेचं बोलावणं हातात असेल, तर संस्थेच्या संकेतस्थळावरचं निवेदन वाचण्यात वेळ घालवू नका. तांत्रिक तालमीचे तास किती, आणि विगच्या पहिल्या मापाला तुमच्या केसांची जाण असलेलं माणूस हजर असेल का, एवढं विचारा. ‘बघू’ असं उत्तर आलं तर केसांच्या खर्चाची रक्कम करारात लिहून घ्या. तांत्रिक तालीम सुरू झाल्यावर ती कोणी लिहून देत नाही.